तट उंच, छपरे ठेंगणी: खेळातले नगर आणि चांद्याचा परकोट

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांत शहराची प्रतिकृती दोन थरांत उभी करतात. खालच्या थरात गल्ल्या, चौक, विहिरी आणि दुकाने. वरच्या थरात उतरती छपरे, धुराडी, गच्च्या आणि या घरावरून त्या घरावर टाकलेल्या फळ्या. खेळाडूची इंच-सव्वा इंच उंचीची आकृती या वरच्या थरावरून पुढे सरकते. मधली फट ओलांडायची तर फासा टाकावा लागतो आणि फासा विरुद्ध पडला की आकृती खाली गल्लीत कोसळते. चोर, हेर, मारेकरी आणि त्यांच्या मागावरचे पहारेकरी ही छपरांवरची नेहमीची पात्रे. पुठ्ठा, थर्मोकोल, लाकूड, प्लास्टर आणि अलीकडे त्रिमितीय छपाई यांतून अशी नगरे घडवणे हा आता एक स्वतंत्र छंद झाला आहे.

या नगराचा नमुना बहुतेक वेळा मध्ययुगीन युरोपचा असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतल्या तटबंद नगराचा इतिहास पाहिला, की तो नमुना इथे का बसत नाही हे कळते. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, उंचावरची वाट छपरांवरून जात नव्हती, ती तटावरून जात होती. या फरकाची कारणे जमीन, पाऊस, लाकूड आणि राज्यकर्त्यांचे निर्णय यांत आहेत.

भूभागाची प्रतिकृती करून लढाई खेळण्याची पद्धत युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजली. ब्रन्सविकच्या हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, पाणी आणि गावे यांची घरे आखली. प्रशियातील रायस्विट्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म याला जे मेज दिले, त्यावर प्लास्टरचे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून भूभाग बसवता येत असे. नगर मात्र या खेळांत जवळजवळ नव्हतेच. सेनापतींना मैदान हवे होते. फ्रान्समध्ये त्याआधीच, १६६८ पासून, चौदाव्या लुईच्या दरबारात सरहद्दीवरच्या तटबंद शहरांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या होत्या. एकास सहाशे या प्रमाणात केलेल्या त्या प्रतिकृतींत घरे, रस्ते आणि झाडेही दाखवलेली असत. त्यांचा उपयोग वेढ्याच्या आखणीसाठी होता, खेळासाठी नव्हे, आणि त्यांतल्या अनेक आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत.

नगर खेळात आले ते इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्यामुळे. १९११ च्या ‘फ्लोअर गेम्स’ या पुस्तकात त्यांनी लाकडी ठोकळ्यांतून जमिनीवर शहरे कशी वसवायची ते सांगितले आणि १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम दिले. छपरांवरून हिंडणारा चोर मात्र अमेरिकन कथांतून आला. फ्रिट्झ लायबर यांच्या लांखमार या कल्पित नगरात दोन भटके वीर गल्ल्यांइतकेच छपरांवरूनही वावरतात. लायबर आणि त्यांचे मित्र हॅरी फिशर यांनी १९३७ मध्ये या नगराभोवती एक पटखेळही रचला होता. तो बाजारात आला १९७६ मध्ये. दरम्यान १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, १९७५ च्या पुरवणीत त्यात चोर हे पात्र दाखल झाले, आणि पुढच्याच वर्षी एका कल्पित शहराचा गल्लीन् गल्ली दाखवणारा नकाशा विक्रीला आला. छपरांचा थर प्रत्यक्ष उभा करणारा खेळ म्हणून १९९९ च्या ‘मॉर्डहाइम’चे नाव घ्यावे लागते. धूमकेतूने उद्ध्वस्त झालेल्या नगरात टोळ्या लढतात आणि मोडक्या मजल्यांवर चढणे, उडी मारणे, पडणे यांचे नियम खेळाच्या केंद्रस्थानी असतात. २०१५ चा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ त्याच वाटेने गेला. तिथे नगर बर्फात गाडलेले आहे.

युरोपीय नगराची छपरे एकमेकांना टेकली त्यामागे तट होता. पॅरिसभोवती राजा दुसरा फिलिप याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला तट जेमतेम पाच किलोमीटरांचा, आणि त्याच्या आत हजारो माणसे. एडिंबरोत सोळाव्या शतकातल्या तटाबाहेर राहायला लोक धजत नव्हते, म्हणून कड्यावरच्या चिंचोळ्या जागेत घरे मजल्यावर मजला चढवत गेली. जागा संपली की घर वर वाढते, आणि घरे एका उंचीची झाली की छपरांची सलग वाट आपोआप तयार होते. भारतात याचे सर्वांत जवळचे उदाहरण अहमदाबादच्या पोळांचे. तिथे गच्चीवरून गच्चीवर जाता येते आणि उत्तरायणाच्या दिवशी अख्खे जुने शहर वर राहायला जाते.

महाराष्ट्रात खेळाचा भूभाग घडवण्याची स्वतःची चाल आहे, ती दिवाळीच्या किल्ल्याची. दगड-विटांचा डोंगर रचायचा, त्यावर गोणपाट टाकून चिखल लिंपायचा, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची, गेरूने तट रंगवायचे आणि कुंभाराकडून आणलेली मातीची चित्रे जागोजाग मांडायची. सर्वांत वर सिंहासनावर शिवाजी महाराज, उतारावर मावळे, पायथ्याशी गवळण, वाघ आणि विहीर. वेल्स यांच्या खेळापेक्षा या मांडणीचे वेगळेपण असे की तिला नियम नाहीत. हार-जीत नाही, फासा नाही. बांधणे हाच खेळ. परदेशी छंदाचे कौतुक करणाऱ्यांनी ही गोष्ट सहसा विचारात घेतलेली नसते. पुठ्ठ्याची नगरे विकत घेणाऱ्या हौशी मंडळींना जे तंत्र पुस्तकांतून शिकावे लागते, ते इथली शाळकरी मुले ओल्या मातीत हात घालून शिकत आली आहेत.

पण हा किल्ला सह्याद्रीचा. पश्चिम महाराष्ट्रात तो अंगणाअंगणात होतो; विदर्भात त्याचे मूळ तितके खोल नाही. पूर्व विदर्भातल्या मुलांचा छोट्या आकृतींचा सण म्हणजे तान्हा पोळा. चाके लावलेले लाकडी नंदी सजवून त्या दिवशी मुले रांगेने निघतात. चांद्याच्या मुलाने दिवाळीत किल्ला केलाच, तरी तो रायगडाचा किंवा प्रतापगडाचा करतो, आणि घरासमोरच्या तटाकडे त्याचे लक्ष जात नाही. डोंगरी किल्ल्याची उंची निसर्गाने दिलेली असते. चांद्याचा किल्ला भुईकोट आहे. त्याची सगळी उंची माणसाने दगडावर दगड ठेवून मिळवलेली आहे.

चांदा ही गोंड राजांची शेवटची राजधानी. आधी शिरपूर, मग वर्धेच्या काठचे बल्लारपूर, आणि त्यानंतर इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळची ही जागा. परंपरा नगराच्या स्थापनेचे श्रेय खांडक्या बल्लाळशहाला देते आणि काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला सांगते. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीत तहान लागली असता झरपटीच्या पात्रातल्या एका खळग्याचे पाणी त्याने वापरले आणि व्याधी बरी झाली. तिथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे एकदा कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या शिकारी कुत्र्यालाच पळवू लागला. तो ज्या वर्तुळातून धावला त्या मागावर तट बांधावा, असे राणीने सुचवले. तटाच्या आखणीशी तेल ठाकुरांचे नाव जोडले जाते. राजवंशाच्या याद्या आणि त्यांची साले बरीचशी मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालामुळे प्रचारात आली. ती मौखिक परंपरेवर आधारलेली असल्याने आधीच्या राजांची वर्षे अंदाजाचीच मानावीत. तट एका राजाच्या हातून पुरा झालेला नाही. पाया खांडक्याचा, वेशींचे काम हीरशहाचे आणि पूर्तता धुंड्या रामशहाची, असा क्रम सांगितला जातो.

सशाची कथा खरी धरण्याचे कारण नाही, पण तिच्यात एक मोजमाप दडले आहे. ससा आणि कुत्रा मोकळ्या रानात धावले होते. तट वसलेल्या गावाभोवती ओढलेला नाही. आधी रेघ आखली गेली आणि तिच्या आत नगर वसायचे होते. परकोटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर आहे आणि त्याला ३९ बुरूज आहेत. चार मोठे दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. त्यांच्या जोडीला पायी जाणाऱ्यांसाठी पाच खिडक्या आहेत, म्हणजे तटातली लहान दारे: हनुमान, विठोबा, चोर, मसाण आणि बगड. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले आहे. ते गोंड राजांचे राजचिन्ह. काळसर चिऱ्यांच्या या तटाची उंची साधारण पंधरा ते वीस फूट.

एवढ्या मोठ्या वर्तुळात माणसे किती होती? १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १८ हजार होती. पॅरिसच्या जुन्या तटाच्या दुपटीहून लांब तट, आणि आत एका मोठ्या कसब्याइतकी वस्ती. त्यामुळे तटाच्या आत शेते होती, बागा होत्या, रामाळा तलाव होता आणि दोन मोहल्ल्यांच्या मध्ये मोकळी जमीन पडून होती. वेढा पडला तर जनावरांना चारा आणि माणसांना पाणी आतच मिळावे हा त्यातला हेतू असावा. कारण काहीही असो, परिणाम ठरलेला होता. जागेची टंचाईच नसल्याने घराने वर चढण्याची गरज कधी पडली नाही. सावकार-मालगुजारांच्या काही वाड्यांना माडी होती. बाकी नगर जमिनीला धरून राहिले.

छपराचा प्रश्न पावसाने आणि जंगलाने सोडवला. वर्षाला बाराशे मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात मातीच्या सपाट धाब्याचा निभाव लागत नाही. धाब्याची घरे पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात शोभतात. इथे दोन पाख्यांचे उतरते छप्पर लागते. सागवान आणि बांबू हाताशी होते. आलापल्लीच्या रानातला साग आजही देशभर नाव मिळवून आहे. आढ्याला टेकलेले वासे, त्यांवर बांबूच्या कामट्या आणि त्यांवर कवेलू. रानातल्या खेड्यांत कवेलूंच्या जागी गवत किंवा धानाचे तणस असे आणि भिंतींच्या जागी बांबूचा विणलेला, शेणामातीने लिंपलेला कुड.

कवेलू हा कुंभाराचा माल. चाकावर एका टोकाला निमुळती होत जाणारी मातीची नळी काढायची, ती अर्धवट सुकली की दोन बाजूंनी उभी चीर द्यायची आणि भट्टीत भाजल्यावर चिरेवर दोन तुकडे करायचे. एका नळीची दोन कवेलू होतात. छपरावर एक रांग पोट वर करून आणि तिच्या सांध्यांवर दुसरी रांग पोट खाली करून मांडली जाते. खिळा नाही, चुना नाही. कवेलू स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर राहते. म्हणूनच ते सरकते, फुटते आणि दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारावे लागते. वानरांच्या टोळ्या एका छपरावरून दुसऱ्यावर गेल्या की त्यांच्या मागून फुटक्या कवेलूंचा हिशेब करत घरधनी शिडी लावतो. मंगळुरी कौले रेल्वेच्या काळात आली, ती मोठी, सपाट आणि खाचेत बसणारी होती. तरी सामान्य घरांवर कुंभारी कवेलूच दीर्घकाळ टिकले.

अशा छपरावर माणूस चालू शकतो का, या प्रश्नावर प्रतिकृतीचे सगळे नियम अवलंबून आहेत. चालू शकतो, पण फार जपून. शाकारणारा आढ्याजवळ किंवा वाशांच्या रेषेवर पाय ठेवतो आणि वजन पसरावे म्हणून आडवी शिडी किंवा फळी टाकून घेतो. धावणाऱ्या माणसाचा पाय दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला कामट्यांतून आत जाईल, आणि त्याआधीच कवेलू फुटल्याच्या आवाजाने मोहल्ला जागा होईल. घरे परस्परांपासून सुटी, मध्ये अंगण आणि काटेरी कुंपण, वळचण इतकी खाली की मोठ्या माणसाला वाकून आत जावे लागते. वर चढणे सोपे आणि वरून पुढे जाणे अशक्य अशी ही रचना आहे.

चोरांनी त्यातून आपली पद्धत काढली. कवेलू खिळवलेले नसल्याने रात्री हळूच आठ-दहा काढून बाजूला ठेवायची, दोन कामट्या कापायच्या आणि दोर सोडून सरळ घरात उतरायचे. छपरावरून केलेल्या घरफोडीच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत अगदी अलीकडेपर्यंत येत राहिल्या. दुसरी वाट मातीच्या भिंतीला भोक पाडण्याची. युरोपीय कथेतल्या चोराला छप्पर हा रस्ता असतो, इथल्या चोराला ते दार होते. खेळाच्या नियमांत हा फरक आणायचा झाला, तर छपरावर उडीसाठी फासा टाकणे फारसे कामाचे नाही. किती कवेलू काढली, आवाज झाला का, आणि खाली निजलेला माणूस जागा झाला का, यासाठी फासा हवा.

वरची खरी वाट फांजीची होती, म्हणजे तटाच्या माथ्यावरची चालण्याची जागा. बाहेरच्या अंगाला चऱ्या आणि बंदुकीसाठी जंग्या, आतल्या अंगाला उघडे नगर. एकमजली घराचे आढे साधारण बारा-चौदा फुटांवर संपते, म्हणजे तटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला मोहल्ल्यांची सगळी छपरे आपल्या पायाखाली दिसत. आतून कोण पळतो आणि बाहेरून कोण येतो, हे एकाच जागेवरून दिसण्याची ही सोय फार थोड्या नगरांत असेल. पुराच्या वेळी तटाला आणखी एक काम पडे. वर्धेला पूर आला की इरईचे पाणी मागे तुंबते आणि दक्षिणेकडे पठाणपुरा दरवाजाच्या आसपासपर्यंत चढते. तो भाग आजही पावसाळ्यात धास्तावलेला असतो.

तटाचा दोष त्याच्या लांबीतच होता. ३९ बुरूज आणि ११ किलोमीटर म्हणजे दोन बुरुजांमध्ये सरासरी पावणेतीनशे मीटरांचे अंतर. ते राखायला मोठी फौज हवी. गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले; अखेरचा राजा नीळकंठशहा कैदेत पडला. भोसल्यांच्या काळात चांद्याला रानाच्या आडचा भक्कम आश्रय म्हणून मान होता. १८१८ मध्ये तर दोन पराभूत सत्ताधीशांची नजर एकाच वेळी या तटावर होती. अप्पासाहेब भोसले चांद्याकडे निसटण्याच्या बेतात असल्याच्या संशयावरून मार्चमध्ये पकडले गेले. दुसऱ्या बाजीरावाला चांद्याच्या वाटेवर एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने गाठून परतवले. मग ॲडम्सची फौज मे महिन्याच्या उन्हात चांद्यासमोर आली. चार दरवाजांपैकी एकही उघडण्याची तिला गरज पडली नाही. तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि २० मे रोजी हल्लेखोर त्यातून आत शिरले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. त्या दिवशीच्या उन्हाने इंग्रजांचाही एक मेजर मारला. वेढ्याच्या खेळासाठी इथली ही सर्वांत तपशीलवार नोंदलेली घटना, आणि तिच्यातला निर्णायक भाग छपरांवर घडला नाही, गल्ल्यांतही नाही. तो तटाच्या एका कमजोर पट्ट्यावर घडला.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर किल्ल्यातल्या जुन्या वाड्याच्या जागी तुरुंग आला. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे वीर बाबुराव शेडमाके यांना त्याच आवारात पिंपळाला फाशी देण्यात आले. तट लष्करी कामातून सुटला आणि हळूहळू अडथळा ठरू लागला. कोळसा, रेल्वे, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि नंतर सिमेंटचे कारखाने व वीजकेंद्र यांनी नगर जटपुऱ्याच्या बाहेर उत्तरेकडे ओढून नेले. गोंदियाकडे जाणाऱ्या मार्गावरच्या स्टेशनाचे नाव मात्र अजून चांदा फोर्टच आहे. १९६४ च्या सुमारास शहर अधिकृतपणे चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये पूर्वेकडचा भाग तुटून गडचिरोली जिल्हा निर्माण झाला आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत शहराची वस्ती सव्वातीन लाखांजवळ पोहोचली. आता परकोटाच्या आत खरोखरच जागा उरलेली नाही. कवेलूंच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, दोन-तीन मजले चढले, गच्च्या एकमेकींना भिडल्या. युरोपीय प्रतिकृतीसारखे सलग छपरांचे नगर चांद्यात अखेर उभे राहिले, पण ते तट निरुपयोगी झाल्यावर.

जिल्ह्यांतल्या इतर किल्ल्यांनी प्रतिकृतीसाठी वेगळी सामग्री ठेवली आहे. गडचिरोलीतल्या वैरागडचा किल्ला खोब्रागडी नदीजवळ आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त आहे आणि तट, खंदक व दरवाजा अजून ओळखता येतात. आतली वस्ती मात्र गेली, उरले झुडूप. जिवती भागातला माणिकगड हा डोंगरी किल्ला दाट रानात आहे. बल्लारपूरचा किल्ला थेट वर्धेच्या काठावर उभा आहे. उद्ध्वस्त नगराचा खेळ ज्यांना मांडायचा आहे त्यांनी बर्फाऐवजी इथली वेल आणि वारूळ वापरावे. भिंत फोडणारे पिंपळाचे मूळ हे धूमकेतूपेक्षा जास्त पटणारे संकट आहे.

मोजमाप असे पडते. खेळातल्या सव्वा इंची आकृतीला एकास साठ हे प्रमाण जवळपास जुळते. त्या प्रमाणात चांद्याचा तट तीन ते चार इंच उंच होतो, घराचे आढे तीन इंचांच्या आत राहते आणि वळचण जेमतेम इंच-सव्वा इंचावर येते. अख्खा परकोट मात्र १८३ मीटर लांब होईल. चार फूट चौरस टेबलावर प्रत्यक्षातली ७३ मीटरांची जागा मावते, म्हणजे एक दरवाजा, त्याला लागून तटाचा एक पट्टा, आत पाच-सहा घरांचा मोहल्ला आणि मागे शेताचा तुकडा. सगळे नगर एका नजरेत हवे असेल तर फ्रेंच प्रतिकृतींचे एकास सहाशे हे प्रमाण घ्यावे. तेव्हा परकोट सुमारे अठरा मीटर भरतो आणि एका सभागृहात बसतो.

साहित्यासाठी दूर जावे लागत नाही. भद्रावतीच्या आसपासची माती कुंभारकामाला चांगली आहे. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात ग्रामोदय संघ उभा करून कुंभारकलेचे प्रशिक्षण सुरू केले. पेन्सिलीवर गुंडाळलेल्या मातीच्या नळीला उभी चीर दिली की कुंभाराच्याच रीतीने छोटी कवेलू निघतात आणि ती न चिकटवता नुसती मांडली तर खेळताना काढताही येतात. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वासे आणि कामट्यांसाठी बांबूच्या काड्या उत्तम. तटासाठी थर्मोकोलवर चिऱ्यांच्या रेघा कोरून वर माती-गोंदाचा पातळ हात द्यावा. रंग काळपट ठेवावा. गेरू सह्याद्रीच्या किल्ल्याला शोभतो, याला नाही.

तट प्रत्यक्ष पाहून मोजणे गेल्या काही वर्षांत सोपे झाले आहे. बुरुजांवर झाडे वाढली होती, फांजीवर कचरा आणि मातीचे ढीग साचले होते. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानातून तट आणि बुरूज मोकळे करायला घेतले आणि नंतर किल्ल्यावरून फेरफटकाही सुरू केला. ज्यांना चांद्याचे नगर टेबलावर उतरवायचे आहे, त्यांनी आधी फांजीवर उभे राहून आतली छपरे पाहावीत आणि मगच पुठ्ठा कापायला घ्यावा.